यिर्मया २९:११ : ते पत्र कोणाच्या नावचं होतं?

ताई, तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला आणि मगच लिहायला बसले. थोडक्यात तुम्ही असं विचारलंय: ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत तुमच्या पतींनी वचनाचं कार्ड उचललं. त्यावर बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ होतं, देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते भावी सुस्थितीची आशा देणारे आहेत. तुम्ही ते कार्ड फ्रिजवर लावलंत. जूनमध्ये ते गेले. आता मंडळीतले एक वडीलजन म्हणतात, वचन खरंच होतं, ते धरून ठेवण्यात तुमचा विश्वास कमी पडला. आणि सेमिनरीत शिकणारा तुमचा भाचा म्हणतो, "मावशी, ते वचन आपल्यासाठी नव्हतंच, ते बाबेलमधल्या यहुद्यांसाठी होतं." दोघांत बरोबर कोण, अकरा वर्षांच्या मुलीला काय सांगायचं आणि त्या कार्डाचं काय करायचं, असं तुम्ही विचारता.

मी बावीस वर्षं पाळकांना आणि शब्बाथशाळेच्या शिक्षकांना जुना करार शिकवते आहे. दुःख अगदी ताजं असतं तर मी हे उत्तर लिहिलंच नसतं. पहिल्या काही आठवड्यांत माणसाला अर्थ नको असतो, सोबत हवी असते. पण आता मध्ये महिने गेले आहेत आणि अर्थ तुम्ही स्वतःहून विचारता आहात, म्हणून लिहिते. आणखी एक गोष्ट आधीच सांगते. सगळ्या भविष्यवादांना एकच नियम लावता येत नाही. यशया ७:१४ किंवा मीखा ५:२ यांचा अर्थ नव्या करारानेच उघडपणे येशूकडे नेला आहे, त्यांची चर्चा वेगळ्या अंगाने करावी लागते. यिर्मया २९:११ नव्या करारात कुठेच उद्धृत केलेलं नाही. त्यामुळे ते आपल्यापर्यंत कसं येतं हे आपल्यालाच नीट शोधावं लागतं. वचनाची कार्डं काढण्याची प्रथा बरोबर की चूक, यात मी शिरत नाही. ते तुमच्या मंडळीच्या परंपरेवर अवलंबून आहे. काही घरांत त्या एका कार्डाने वर्षभर प्रार्थना जिवंत ठेवलेली मी पाहिली आहे.

मला वाटतं, वचन खरं की खोटं हा इथला मूळ प्रश्न नाही. दुसऱ्यांच्या नावाने लिहिलेलं एक पत्र सुमारे २,६०० वर्षांनी आपल्या घरी कोणत्या वाटेने पोचलं, हा आहे. वडीलजनांनी ती वाट पाहिलीच नाही. भाच्याला वाटेची सुरुवात दिसली आणि तो तिथेच थांबला.

हे खरोखरच पत्र आहे. २९ व्या अध्यायाची पहिली ओळ म्हणजे त्या पत्रावरचा पत्ता: बंदिवासात नेलेल्यांपैकी उरलेले वडीलजन, याजक, संदेष्टे आणि सर्व लोक. "उरलेले" हा शब्द मूळ हिब्रूत आहे आणि माझी नजर दर वेळी त्याच्यावर अडते. म्हणजे पत्र पोचलं तोवर काही जण गेलेले होते, आणि लिहिणाऱ्याला ते ठाऊक होतं.

हे लोक तिथे कसे गेले? इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतलं. ही नोंद बायबलबाहेर बाबेलच्या राजवृत्तातही आहे, तिथे अदार महिन्याची दुसरी तारीख दिली आहे. गादीवर येऊन जेमतेम तीन महिने झालेला अठरा वर्षांचा राजा यहोयाखीन, त्याची आई, त्याच्या बायका, दरबारी, कारागीर, लोहार असे सगळे बाबेलला नेले गेले. दुसऱ्या राजांच्या पुस्तकात हा आकडा १०,००० आहे, यिर्मयाच्या शेवटच्या अध्यायात ३,०२३ आहे. बाबेलच्या राजवाड्याच्या उत्खननात मातीच्या काही पाट्या मिळाल्या, त्यांत यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे यांना दिलेल्या तेलाच्या शिध्याचा हिशेब आहे. सरकारी कोठारातून शिधा घेऊन जगणारा राजा, असे ते दिवस होते. यरुशलेम मात्र अजून उभं होतं, मंदिरही उभं होतं. त्याचा नाश व्हायला अजून दहा-अकरा वर्षं होती. त्यामुळे इकडच्यांना आणि तिकडच्यांना दोघांनाही वाटत होतं की हे थोड्या दिवसांचं आहे, लवकरच सगळं मार्गी लागेल.

आता आदला अध्याय, अठ्ठाविसावा, उघडा. कार्डावर तो कधीच येत नाही, आणि त्याच्याशिवाय २९:११ कळत नाही असं माझं ठाम मत आहे. यहोयाखीनाच्या जागी यरुशलेमच्या गादीवर बसलेल्या सिद्कीया राजाच्या चौथ्या वर्षी, पाचव्या महिन्यात, गिबोनचा हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, याजकांच्या आणि सगळ्या लोकांच्या समोर उभा राहतो आणि परमेश्वराच्या नावाने सांगतो की दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल, मंदिराची पात्रं परत येतील, राजा परत येईल, बंदिवान घरी येतील. यिर्मया तिथेच आहे, बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून त्याच्या मानेवर लाकडी जू आहे. तो काय म्हणतो? "आमेन! परमेश्वर तसंच करो." वर्गात मी इथे नेहमी थांबते. यिर्मयाला लोकांच्या दुःखात आनंद नव्हता. हनन्याचं बोलणं खरं ठरावं अशी त्याचीही इच्छा होती. मग तो एवढंच म्हणतो की जो संदेष्टा शांतीचं भाकीत करतो त्याचं बोलणं पुरं झाल्यावरच कळतं की त्याला परमेश्वराने पाठवलं होतं. हनन्या त्याच्या मानेवरचं जू काढून मोडतो, आणि यिर्मया काही न बोलता निघून जातो. नंतर त्याला वचन मिळतं: लाकडाचं जू मोडलंस, आता त्याच्या जागी लोखंडाचं आलं. त्याच वर्षी सातव्या महिन्यात हनन्या मरतो.

बाबेलच्या लोकांना यिर्मयाने पाठवलेलं पत्र लगेच पुढच्या अध्यायात येतं. सिद्कीया राजाने नबुखद्नेस्सरकडे पाठवलेली दोन माणसं, एलासा आणि गमऱ्या, ते घेऊन जातात. पत्रात काय आहे? घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. लग्नं करा, मुलं होऊ द्या, मुलांची लग्नं लावा. ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे. तुमच्यातल्या संदेष्ट्यांच्या आणि ज्योतिषांच्या बोलण्याला भुलू नका. आणि मग दहावं वचन: बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर मी तुमच्याकडे लक्ष देईन, तुम्हाला या स्थळी परत आणीन. त्याला लागूनच अकरावं: कारण तुमच्याविषयीचे माझे संकल्प मी जाणतो.

त्या "कारण"कडे पाहा. मूळ हिब्रूत अकरावं वचन त्या शब्दानेच सुरू होतं, म्हणजे ते दहाव्याला बांधलेलं आहे. कार्ड छापताना दहावं गळतं आणि अकरावं सुटं पडतं.

हे मलाही उशिरा कळलं. सुरुवातीची सात-आठ वर्षं मी स्वतः दहावी-बारावीच्या मुलांच्या प्रार्थनासभेत २९:११ वरून बोलत असे, की परीक्षा चांगली जाईल, पुढचं सगळं छान होईल. मग नगर जिल्ह्यातल्या एका गावात बायकांच्या बायबलवर्गात मी हा अध्याय पहिल्या वचनापासून वाचून दाखवला. सत्तर वर्षांपाशी आल्यावर मागे बसलेल्या एक म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "सत्तर वर्सं? मंग ज्यांनी ऐकलं ते तर तिथंच मेले की, बाई." मी पुस्तकं वाचून तिथे पोचले नव्हते, त्या एका वाक्यात पोचल्या. हे पत्र ज्यांनी हातात धरून वाचलं त्यांच्यातले बहुतेक सगळे परत येणारच नव्हते. कार्डावर आपण ज्याला सर्वांत आशादायी वचन म्हणून छापतो ते बाबेलमध्येच मरणार असलेल्या माणसांना लिहिलेलं होतं, आणि लिहिणाऱ्याने ही गोष्ट त्यांच्यापासून लपवली नव्हती.

"लवकरच, तुझ्या डोळ्यांदेखत, दोन वर्षांत" असं सांगणारा हनन्या होता. यिर्मया सत्तर वर्षं म्हणाला. एका वर्षाच्या हमीसारखं हे वचन हातात दिलं जातं तेव्हा शब्द यिर्मयाचे असतात आणि संदेश हनन्याचा होतो. कार्ड छापणाऱ्यांच्या किंवा वाटणाऱ्यांच्या मनात खोटं नसतं, हे मी मनापासून सांगते. पण तुमचा जो विश्वासघात झाल्यासारखं वाटतंय तो देवाने केलेला नाही, यिर्मयानेही नाही. दोन वचनांच्या मधून एक धागा तोडला गेला, तिथे तो झाला.

आता एक गोष्ट मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा सोपी आहे. आपल्या बायबलमध्ये देव एका माणसाशी बोलतो तेव्हा "तू" म्हणतो. यिर्मयाला "तू", दाविदाला "तू", मोशेला "तू". इथे "तुमच्याविषयी", "तुम्हांला" आहे, कारण हिब्रूतही ते अनेकवचन आहे. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. आपल्याकडे फरक छापलेला आहे, तरी आपल्या नजरेतून तो निसटतो, कारण बोलताना आपण एकट्या मोठ्या माणसालाही आदराने "तुम्ही" म्हणतो. तुमचे पती कार्ड वाचत होते तेव्हा त्यांना "तुम्हांला" हे स्वतःला उद्देशून वाटलं असणार. पण हे वचन एका समाजाला दिलेलं आहे, अनेक पिढ्यांना मिळून दिलेलं आहे. त्यातलं हित एकेका माणसाच्या वाट्याला त्याच्या आयुष्यात मोजून येईल असं त्यात म्हटलेलं नाही.

मग एकट्या माणसाला त्यात काहीच नाही का? आहे, आणि ते "भावी सुस्थितीची आशा" असं भाषांतर झालेल्या दोन शब्दांत आहे. हिब्रूत तिथे "अखरीत" आणि "तिक्वा" हे शब्द आहेत. अखरीत म्हणजे नंतर येणारं, मागून येणारं. ज्या मुळापासून तो शब्द बनला त्याचा अर्थ मागे असा आहे. आपण मराठीत म्हणतोच ना, "माझ्यामागे मुलांचं काय होईल?" तिथे "मागे" म्हणजे मी गेल्यानंतर. अगदी तीच चाल. कित्येक ठिकाणी अखरीत म्हणजे सरळ संतती. दोनच अध्याय पुढे, ३१:१७ मध्ये, इस्राएलाची आदिमाता राहेल हिला सांगितलं आहे की तुझ्या अखरीतीला आशा आहे, तुझी मुलं आपल्या देशात परत येतील. म्हणजे बाबेलमधल्या त्या लोकांना देव सांगत होता की तुमच्यामागे काही उरेल, तुमच्यामागे कोणी असेल. तिक्वा म्हणजे आशा, आणि त्याच अक्षरांचा शब्द दोरीसाठीही येतो. यहोशवाच्या पुस्तकात राहाब खिडकीला जी किरमिजी दोरी बांधते ती तिक्वा. शब्दाच्या व्युत्पत्तीवर फार भार टाकू नये असं मी विद्यार्थ्यांना नेहमी बजावते, म्हणून इथेही टाकत नाही. पण अखरीतचा अर्थ पक्का आहे आणि तुमच्या घरात अकरा वर्षांची मुलगी आहे.

आता वडीलजनांच्या बोलण्याकडे येते. त्यांचं म्हणणं मी साफ चूक मानते, आणि ते या अध्यायाच्या आधारेच म्हणते. परत आणण्याचं वचन लोकांच्या विश्वासाच्या मापावर टांगलेलं नाही. सत्तर वर्षं भरतील आणि "मी" लक्ष देईन, "मी" माझं वचन पुरं करीन, असं तिथे आहे. लोक हाक मारतील, मनापासून शोधतील, हे बारा ते चौदा वचनांत येतं, पण ते देवाच्या संकल्पानंतर येतं.

त्याहून मोठं उत्तर एका माणसात आहे. ५९७ च्या त्याच बंदिवासात यहेज्केल नावाचा याजक बाबेलला गेला आणि खबार नदीकाठी बंदिवानांत राहिला. म्हणजे यिर्मयाच्या पत्राच्या पत्त्यावर जे "याजक" आणि "सर्व लोक" आहेत त्यांत तोही होता. हे पत्र त्याच्या कानांवर गेलं असणार. यहेज्केलाच्या चोविसाव्या अध्यायात, यरुशलेमला वेढा पडला त्या सुमाराला, त्याची बायको वारते. देव तिला "तुझ्या नेत्रांना प्रिय" असं म्हणतो. सकाळी तो लोकांशी बोलला, आणि संध्याकाळी ती गेली. यहेज्केलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कोणाची छाती होईल? हिताचे संकल्प ज्यांना सांगितले त्याच लोकांत हा माणूस होता, आणि त्याचं घर मोडलं. दोन्ही गोष्टी एकाच शास्त्रात, एकमेकांना न खोडता उभ्या आहेत. इथे एक सावधगिरी मात्र हवी. त्या अध्यायात त्या मृत्यूला राष्ट्रासाठी चिन्ह केलं आहे. तो त्या एका संदेष्ट्याचा प्रसंग आहे. तुमच्या पतींच्या जाण्यालाही कोणी तसा "देवाने हे शिकवायला केलं" असा अर्थ लावू लागलं तर ऐकून घेऊ नका.

इथवरचं सांगायचं तर: पत्र समाजाला होतं, मुदत एका आयुष्यापेक्षा लांब होती, आणि ज्यांना ते मिळालं त्यांच्यावर दुःखं आलीच. म्हणजे भाच्याचं म्हणणं अर्धं बरोबर ठरलं. उरलेलं अर्धं तो का विसरतो, ते सांगते.

दुसऱ्याच्या नावचं पत्र आपण वाचायचंच नाही, असं बायबल स्वतः वागत नाही. दानीएलाच्या नवव्या अध्यायात दानीएल हेच यिर्मयाचं लिखाण उघडून बसलेला दिसतो. सत्तर वर्षं वाचतो आणि हिशेब मांडण्याऐवजी उपास करून, राख घालून पापांगीकाराची प्रार्थना करतो. जखऱ्याच्या पुस्तकात लोक परत आल्यावरही देवदूत विचारतो, सत्तर वर्षं झाली, अजून किती? दुसऱ्या इतिहासाच्या शेवटी त्याच सत्तर वर्षांना जमिनीने आपले शब्बाथ भोगले असा वेगळाच अर्थ दिला आहे. प्रत्येक पिढीने ते पत्र पुन्हा उघडलं, आपल्या प्रसंगाशी लावून पाहिलं, पण मूळ प्रसंग कोणी पुसला नाही. ख्रिस्ती वाचकाने हीच शिस्त उचलायची आहे.

सत्तरचा हिशेब मला नेहमी विचारला जातो, म्हणून थोडक्यात. कुठून मोजता यावर ते अवलंबून आहे. अश्शूरची सत्ता संपली ते ६०९ धरून बाबेल पडलं त्या ५३९ पर्यंत मोजलं तर नेमकी सत्तर होतात. मंदिर पडलं ५८६ आणि पुन्हा बांधून झालं ५१६ च्या आसपास, तेही सत्तर. नबुखद्नेस्सर गादीवर आला ते ६०५ धरलं तर सहासष्ट. त्या काळी सत्तर हा उद्ध्वस्त नगराचा ठरलेला काळ समजत असावेत. अश्शूरचा राजा एसरहद्दोन याच्या शिलालेखात लिहिलंय की बाबेलचा देव मर्दुक याने बाबेलच्या नाशासाठी सत्तर वर्षं नेमली होती, पण दया येऊन त्याने आकडे उलटे केले आणि ती अकरा झाली. कीलाक्षरात, म्हणजे तिथल्या मातीच्या पाट्यांवरच्या लिपीत, सत्तरच्या खुणांची जागा बदलली की खरंच अकरा होतात. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की यिर्मयाच्या देवाने आकडा उलटा करून मुदत कमी केली नाही. त्याने लोकांना त्या मुदतीत जगायला सांगितलं, घर बांधून, मळा लावून.

ख्रिस्तापर्यंतची वाट कशी जाते हे मला मत्तय शिकवतो. त्याच्या पहिल्या अध्यायातली वंशावळ आठवा, आपण ती भराभर वाचून संपवतो. अब्राहामापासून दाविदापर्यंत चौदा पिढ्या, दाविदापासून बाबेलच्या बंदिवासापर्यंत चौदा, बंदिवासापासून ख्रिस्तापर्यंत चौदा. बंदिवास हा त्या वंशावळीचा सांधा आहे, आणि त्या सांध्यावर यकन्याचं नाव आहे. यकन्या म्हणजेच तो शिधा घेऊन जगणारा राजा यहोयाखीन. म्हणजे पत्र ज्यांना गेलं त्यांच्या अखरीतीत, त्यांच्यामागून आलेल्यांत, येशू जन्मला. ख्रिस्ती माणसाला ते वचन या वाटेने मिळतं, आणि ही वाट मला पुरेशी भक्कम वाटते.

आणि दुसऱ्या अध्यायात, बेथलेहेमातली बालकं मारली जातात तिथे, मत्तय यिर्मया ३१:१५ काढतो: रामा येथे रडण्याचा आवाज, राहेल आपल्या मुलांसाठी रडते आणि सांत्वन पावत नाही. यिर्मयाच्या काळी रामा म्हणजे जिथे बंदिवानांना साखळ्यांनी बांधून गोळा केलं ते ठिकाण. ते बालकं मारवणाऱ्या हेरोद राजाविषयीचं भाकीत नव्हतं. मत्तयालाही ते ठाऊक होतं. तो म्हणतो, जुनं रडणं इथे पुन्हा भरून आलं. त्याची शब्दयोजना बघा. इतर ठिकाणी तो लिहितो, अमुक वचन "पूर्ण व्हावे म्हणून" हे झालं. इथे "म्हणून" गाळतो आणि "तेव्हा पूर्ण झाले" असं लिहितो. लेकरं मेली ती शास्त्र पुरं व्हावं म्हणून, असं तो म्हणत नाही. मृत्यूच्या बाबतीत मत्तयाने एवढी काळजी घेतली. आपणही घेऊ या.

पेत्राच्या पहिल्या पत्रात ख्रिस्ती लोकांनाच परदेशवासी आणि प्रवासी म्हटलं आहे. म्हणून बाबेलला पाठवलेलं पत्र आपण आपलं म्हणून वाचू शकतो. इब्री ११:१३ मध्ये विश्वासात मेलेल्यांविषयी लिहिलंय की त्यांना वचनांची फळं मिळाली नाहीत, पण त्यांनी ती दुरून पाहिली आणि त्यांना वंदन केलं. तुमच्या पतींना मी त्या यादीत बघते. विश्वास उणा पडलेल्यांच्या नाही. एक गोष्ट जाता जाता: हे पत्र आजही यहुदी लोकांचं शास्त्र आहे, आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल कुटुंबांचंही. आपण ते त्यांच्याकडून काढून घेत नाही, त्यांच्या शेजारी बसून वाचतो.

पंडिता रमाबाईंची आठवण इथे येणं मला टाळता येत नाही. लग्नानंतर दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, १८८२ मध्ये, पटकीने त्यांचे पती गेले. मुलगी मनोरमा लहान होती. पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, आणि त्यांचं भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे यिर्मयाचं हे पत्र हिब्रूतून शब्द शब्द वाचून मराठीत आणणाऱ्यांत तुमच्यासारखीच, लहान मुलगी पदरात असताना नवरा गमावलेली एक बाई होती. हे वचन छापील सुखाचं आहे असं त्यांना वाटलं असणं शक्य नाही.

मुलीला काय सांगायचं? तिचं वय बघता तिच्याशी संकल्प, भविष्यवाद असले शब्द मी वापरणार नाही. "बाबांनी चुकीचं कार्ड उचललं" असं तिच्या मनात राहू देऊ नका, आणि "बाबांचा विश्वास कमी होता" हे तिच्या कानांवर पडू देऊ नका, त्यासाठी वडीलजनांशी स्पष्ट बोलावं लागलं तरी बोला. एकटीने बोलणं जड जात असेल तर पाळकांना सोबत घ्या. आणि तिला बत्तिसावा अध्याय वाचून दाखवा. तिथे यरुशलेमला वेढा पडलेला आहे, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि त्याचा चुलतभाऊ हनामेल अनाथोथचं शेत विकायला येतो. शत्रूची फौज ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन यिर्मया सतरा शेकेल रुपे तोलून विकत घेतो. खरेदीखत होतं, साक्षीदार सह्या करतात, एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. मग तो आपला लेखनिक बारूख याला सांगतो की ही दोन्ही खतं मातीच्या मडक्यात ठेव, म्हणजे ती पुष्कळ दिवस टिकतील. त्या शेतात यिर्मयाने कधी नांगर धरला नाही. त्याला बायको नव्हती, मूल नव्हतं, आणि शेवटी लोकांनी त्याला मिसरात नेलं. मडकं मुलांना चटकन कळतं, मी शब्बाथशाळेत पाहिलं आहे. तिला विचारा, त्याने ते कोणासाठी ठेवलं असेल.

कार्ड फाडू नका, आणि नको असेल तर फ्रिजवरही ठेवू नका. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दहावं वचन हाताने लिहा, सत्तर वर्षांसकट, आणि ते बायबलमध्ये या अध्यायापाशी ठेवा. मुलीचं अक्षर चांगलं असेल तर तिलाच लिहू द्या.